चपट्या नाकाचा सोबती

ज्या चर्चमध्ये संत रोकचा पुतळा आहे तिथे मुलांचं लक्ष आधी संताकडे जात नाही, त्याच्या पायाशी असलेल्या कुत्र्याकडे जातं. तोंडात पाव धरलेला तो कुत्रा. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता संत रोक स्वतःच आजारी पडला, कोणाला लागण होऊ नये म्हणून रानात जाऊन राहिला आणि एक कुत्रा त्याला रोज पाव आणून देऊ लागला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. १६ ऑगस्टला त्याचा सण येतो तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "तो कुठल्या जातीचा होता?" मग लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशी नावं वर्गभर घुमतात. मागच्या बाकावरून एखादा "पग!" म्हणून ओरडतो आणि सगळा वर्ग हसतो. पग पाव पोचवणार नाही, वाटेतच खाऊन टाकेल, यावर मुलांचं एकमत असतं.

त्या हसण्याबद्दल थोडं लिहावं असं आमच्या मनात बरेच दिवस होतं.

आपल्याकडे पग घराघरांत आला तो २००३ नंतर. हच कंपनीची ती मोबाइलची जाहिरात वाचकांना आठवत असेल. एक लहान मुलगा जाईल तिथे त्याच्या मागे मागे जाणारा सुरकुतलेल्या कपाळाचा छोटा कुत्रा. एक शब्द न बोलता त्या कुत्र्याने सगळ्या देशाला वेड लावलं. बेळगावातही कॅम्पात, टिळकवाडीत, शहापुरात पग दिसू लागले. सहा ते आठ किलोचं जनावर, फ्लॅटमध्ये मावतं, फारसं भुंकत नाही, मुलांना चावत नाही. आमच्या वॉर्डात एके काळी आठ-नऊ पग होते.

जाहिरातीत दाखवलेला स्वभाव मात्र खोटा नव्हता, हे सांगायला हवं. पग खरंच मागे मागे फिरतो. स्वयंपाकघरात जा, तो स्वयंपाकघरात. कपडे वाळत घालायला गच्चीवर जा, तो धापा टाकत गच्चीवर. बसलात तर तुमच्या पावलांवर बूड टेकून बसणार. राखण करणं, शिकार करणं, मेंढरं वळवणं यातलं एकही काम त्याला कधी कोणी लावलं नाही. चीनच्या राजवाड्यात त्याचे पूर्वज होते तेही मांडीवर बसण्यासाठीच. सोळाव्या शतकात व्यापारी जहाजांतून तो युरोपात पोचला आणि हॉलंडच्या राजघराण्याचा लाडका झाला. ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याच्या छावणीवर १५७२ मध्ये रात्री स्पॅनिश सैनिकांचा छापा पडला, तेव्हा त्याच्या छोट्या कुत्र्याने तोंडावर उड्या मारून त्याला जागं केलं म्हणून तो वाचला, अशी आठवण त्या काळच्या लिखाणात आहे. पगवाले म्हणतात तो पग होता. काही जाणकार म्हणतात, दुसरा कुठला तरी असेल. डेल्फ्टच्या चर्चमध्ये या राजपुत्राची संगमरवरी समाधी आहे आणि तिच्या पायाशी संगमरवरी कुत्रा आहे, एवढं मात्र खरं. (हा विल्यम कॅथलिक राजाविरुद्ध बंड करून उठलेला, म्हणजे आपल्या बाजूचा नव्हे. पण कुत्र्याला बाजू कुठली!)

आपल्या बाजूचीही एक गंमत आहे. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिकांना फ्रीमेसन मंडळींत सामील व्हायला मनाई केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनीतल्या कॅथलिक सरदारांनी आपली वेगळी गुप्त मंडळी काढली आणि तिला नाव दिलं पगचं. जर्मन भाषेत पगला 'मॉप्स' म्हणतात, ही मॉप्स मंडळी. निष्ठा आणि भरवसा यांचं चिन्ह म्हणून त्यांनी पग निवडला. नव्या सभासदाने गळ्यात पट्टा घालून कुत्र्यासारखं दार खरवडायचं, असं १७४५ साली त्यांचं बिंग फोडणाऱ्या एका पुस्तकात छापलं आहे. बायकांनाही त्यात प्रवेश होता. पोपच्या आज्ञेतून पळवाट काढायची हौस काही आजची नाही.

आता बुद्धीचं. मुलं हसतात ती इथे. स्टॅन्ली कोरेन नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं. स्पर्धांत कुत्र्यांची आज्ञापालनाची परीक्षा घेणाऱ्या अनेक परीक्षकांची मतं मागवून त्यांनी जातींची क्रमवारी लावली. पहिला बॉर्डर कॉली. त्याला नवी आज्ञा पाचापेक्षा कमी वेळा सांगून कळते आणि शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो पहिल्या हाकेला ऐकतो. पगचा नंबर सत्तावन्नावा. त्याच्या गटातल्या कुत्र्यांना तीच गोष्ट चाळीस ते ऐंशी वेळा सांगावी लागते आणि पहिल्या हाकेला ऐकण्याचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास. आमच्या कन्फर्मेशनच्या वर्गाचा आकडा यापेक्षा फार वेगळा नसावा.

पण कोरेन यांनी स्वतःच त्या पुस्तकात लिहिलं आहे की हा क्रम फक्त आज्ञापालनाचा आहे. उपजत बुद्धी वेगळी, आणि आपल्या अनुभवातून स्वतःहून शिकण्याची बुद्धी वेगळी. ज्या कुत्र्याला शतकानुशतकं मेंढपाळाच्या शिट्टीवर धावण्यासाठी निवडलं तो शिट्टी लवकर शिकणारच. ज्याला माणसाच्या जवळ बसण्यासाठी निवडलं त्याचं डोकं कुठे चालत असेल? माणसाकडे बघण्यात. हंगेरीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन भांडी ठेवायची, एकात खाऊ, आणि माणसाने बोटाने त्या भांड्याकडे दाखवायचं. लांब नाकाच्या कुत्र्यांपेक्षा आखूड नाकाच्या कुत्र्यांना बोट जास्त चांगलं समजलं. चपट्या तोंडाच्या कुत्र्याचे डोळे समोर असतात, समोरच्या चेहऱ्यावर त्याची नजर नीट ठरते, असं त्याचं एक कारण सांगतात.

आम्ही ज्या पगला जवळून ओळखतो त्याचं नाव गोट्या. तो आमच्या पॅरिशमधल्या एका मावशींचा. मावशी पंचाहत्तरीच्या पुढच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून कुवेतला. मुलाने जाताना आईला सोबत म्हणून हे पिल्लू आणून दिलं. ज्याने विकलं त्याने 'दोन महिन्यांचं आहे' म्हणून दिलं आणि ते जेमतेम महिन्याचं निघालं, बशीतलं दूधही त्याला पिता येत नव्हतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा नियम देशात २०१७ पासून आहे, पण तो विचारतो कोण. मावशींनी त्याला ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही स्वयंसेवक आजारी आणि घराबाहेर न पडू शकणाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला जातो. मावशींच्या घरी टेबलावर पांढरा कपडा अंथरला, मेणबत्ती लावली की गोट्या उठतो, खुर्चीखाली जाऊन बसतो आणि प्रार्थना संपून मेणबत्ती विझेपर्यंत हलत नाही. एरवी बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला तर शेजारच्या घरातून धावत येणारा प्राणी! हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, चाळीस वेळाही नाही आणि एकदाही नाही. मावशींचं खुब्याचं हाड मोडून त्या वॉकर धरून चालू लागल्या, तेव्हा आम्हाला भीती होती की हा पायांत घोटाळतो, पुन्हा पाडेल. पण पहिल्या दोन दिवसांतच त्याने पायात यायचं सोडलं. वॉकरच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर ठेवून, मावशींच्या चालीने तो चालू लागला. त्या थांबल्या की थांबायचा.

तोबितच्या पुस्तकातलं कुत्रं आम्हाला अशा वेळी आठवतं. तरुण तोबिया परदेशी निघतो, बरोबर राफाएल देवदूत वाटसरूच्या वेषात, आणि त्यांच्यामागे घरचं कुत्रं. मग पुस्तकभर मासा आहे, लग्न आहे, सैतानाला पळवून लावणं आहे, आंधळ्या बापाची दृष्टी परत येणं आहे. कुत्र्याचा उल्लेख पुन्हा येतो तो एकदम घरी परतताना. मधल्या काळात त्याने काहीही केलं नाही. बरोबर गेलं आणि बरोबर आलं. पवित्र शास्त्रात कुत्र्याला चांगला शब्द फारसा मिळत नाही. गरीब लाजराची गळवं चाटणारी कुत्री आहेत, शिव्या म्हणून वापरलेली कुत्री आहेत. शुभवर्तमानात सोर-सीदोनच्या बाजूची ती परकी बाई मेजाखालच्या चुऱ्याची गोष्ट काढून प्रभूलाच उत्तर देते, तिथे मूळ ग्रीक शब्द लहान कुत्र्याचा, घरात वावरणाऱ्या कुत्र्याचा आहे. मेजाखाली बसणारं कुत्रं त्या काळीही होतं म्हणायचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सकाळी अकराच्या सुमारास गोट्या मावशींच्या व्हरांड्यात कोसळला. जीभ जांभळी, श्वास घशात अडकल्यासारखा. शेजारच्या मुलाने ओला टॉवेल टाकून, पंख्याखाली धरून त्याला डॉक्टरांकडे नेलं. तो वाचला. डॉक्टरांनी मग मावशींना जे समजावलं ते पग पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणजे नाक, तोंड आणि घसा हाच त्याचा कूलर. पगच्या तोंडाचं हाड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केलं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. टाळूचा मागचा मऊ भाग लांबच राहिला, तो श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुड्या म्हणजे नुसत्या फटी. आपण ज्याला गोड घोरणं म्हणतो ते त्याचं हवेसाठी झगडणं असतं. ऑपरेशन करून नाकपुड्या रुंद करता येतात आणि टाळूचा जादा भाग कापता येतो. ते पुण्याला होईल. जाण्या-येण्यासकट चाळीस हजारांच्या घरात खर्च.

मावशींकडे पैसे होते. आपल्या मातीसाठी म्हणून त्यांनी पेन्शनमधून वेगळे काढून ठेवलेले. शवपेटी, कबर, बँड, आलेल्या लोकांचं चहापाणी, मुलावर भार नको. त्या पुढच्या पहिल्या शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही मुलं मला सांगा, हे पैसे कुत्र्यावर घातले तर पाप लागेल का?"

आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेली 'मुलं'. कोणालाच चटकन बोलता येईना. धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी चार परिच्छेद आहेत, २४१५ ते २४१८. आम्ही ते पुन्हा काढून वाचले. प्राणी देवाची निर्मिती आहेत, त्यांच्याशी दयेने वागणं आपलं देणं आहे, त्यांना विनाकारण यातना देणं माणसाला शोभत नाही, हे तिथे आहे. आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणंही शोभत नाही, हेही तिथेच आहे, त्याच शेवटच्या परिच्छेदात. प्राण्यांवर माया करावी, पण माणसाच्या वाटची माया त्यांना देऊ नये. म्हणजे दोन्ही बाजूंना वचन तयार.

आमच्यातच दोन तट पडले. विन्सेंट दि पॉल सोसायटीचं काम बघणाऱ्या आमच्या एका भावाने स्पष्ट सांगितलं की चाळीस हजारांत खानापूरकडच्या तीन मुलांची वर्षाची हॉस्टेलची सोय होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यावर दुसऱ्या कोणी तरी बेथानीतल्या सुगंधी तेलाची आणि तेव्हा गरिबांचं नाव पुढे करणाऱ्या यहूदाची आठवण काढली. आम्हाला तो दाखला आवडला नाही. जो माणूस खरंच गरिबांसाठी पायपीट करतो त्याला यहूदाच्या रांगेत बसवू नये. फादरांकडे गेलो तर त्यांनी मावशींना उत्तर दिलं नाही, उलट एकच गोष्ट विचारली: या पैशावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे का? कोणाचाही नव्हता. मुलगा तर फोनवर म्हणाला होता, "आई, तुझ्या मातीचं मी बघेन, तू कशाला काळजी करतेस?"

मावशींचा प्रश्न त्याहून वेगळाच निघाला. "मला एवढंच सांगा, ह्याचं नाक असं देवाने केलं का माणसाने?"

याचं उत्तर मात्र आम्हाला देता आलं, कारण याचा पुरावा चित्रात आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं आणि पुढे आपला पग बसवला. लंडनच्या टेट संग्रहालयात ते आहे, मोबाइलवरही दिसतं. मावशींना आम्ही ते दाखवलं. त्या पगचं नाक बऱ्यापैकी पुढे आलेलं आहे, पायही आजच्यापेक्षा लांब. शुद्ध जातीचे क्लब निघाले, प्रदर्शनं भरू लागली, जितकं तोंड चपटं तितकं कौतुक, असं होत होत एकोणिसाव्या शतकानंतर ते नाक आत गेलं. इंग्लंडच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये पगच्या आरोग्याची इतर कुत्र्यांशी तुलना केली. वर्षभरात काही ना काही आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतरांच्या जवळजवळ दुप्पट. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येत नाही, इथपर्यंत त्या संशोधकांनी लिहिलं. ज्या हॉलंडने त्याला राजघराण्यात मिरवलं त्याच देशाने २०१९ मध्ये फार आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास रोखणारे कडक निकष लावले. जर्मनीत काही जण पगचा दुसऱ्या जातीशी संकर करून त्याला पुन्हा नाक देण्याच्या खटपटीत आहेत.

मावशींनी चित्र मोठं करून पाहिलं. गोट्याला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाशी ताडून पाहिलं. "म्हणजे बिचाऱ्याला आपल्याजवळ बसवायला म्हणून असं केलं," म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वॉर्डमध्ये चाळीस वर्षं श्वास लागलेली माणसं पाहिलेली बाई ती. शेवटी म्हणाल्या, "मला श्वास लागलेलं बघवत नाही रे. माझी पेटी साधी चालेल."

ऑपरेशनला जाताना उन्हाचा त्रास नको म्हणून पॅरिशमधल्या एका तरुणाने रात्री दहाला गाडी काढली. मावशी हट्टाने बरोबर गेल्या. वाटेत कराडपर्यंत रोझरी आणि पुढे गोट्याचं घोरणं, असा तो प्रवास झाला म्हणे. तिसऱ्या दिवशी परत आले. गोट्या काही धावपटू झाला नाही. उन्हात अजूनही त्याला बाहेर काढत नाहीत, जिना चढायचा नाही, गळ्यात पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस. पण झोपेत तो आधी बसून, उशीवर हनुवटी टेकवून झोपायचा, कारण आडवा झाला की श्वास कोंडायचा. आता कुशीवर झोपतो. मावशींनी पहिल्या रात्री दोनदा उठून पाहिलं, आवाज येत नाही म्हणून.

हॉस्टेलच्या मुलांचा प्रश्न तसाच होता. त्यासाठी आमच्या त्या भावाने प्रायश्चित्तकाळात वेगळी पेटी फिरवली. मावशींनी त्यात घातलं, किती ते कोणाला सांगितलं नाही. पोस्टात त्यांनी नवं खातंही काढलं आहे, पुन्हा मातीसाठीच.

पॅरिशमधली तरुण जोडपी आम्हाला कधी कधी विचारतात, मुलांसाठी पग घ्यावा का? आम्ही सरळ नको म्हणतो. स्वभाव लाख चांगला, पण आपण विकत घेतो म्हणून तशी पिल्लं जन्माला घातली जातात. चर्चच्या आवारातल्या कुत्रीलाच दर पावसाळ्यात पाच-सहा होतात. त्यांना लांब नाक असतं, उन्हाळा सोसतो आणि बोट दाखवलेलं त्यांनाही कळतं. ज्यांच्या घरी पग आधीच आहे त्यांनी मात्र त्याला सोडून देऊ नये. जाहिरातीची हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडलेले पग आम्ही पाहिले आहेत. तो कुत्रा रस्त्यावर एक उन्हाळाही काढू शकत नाही.

मावशींच्या नंतर गोट्याला कोण नेणार याची चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, दोन घरांनी होकार दिला आहे. डॉक्टरांची सध्या एकच तक्रार आहे, वजनाची. अकरा किलो होतं ते आठवर आणायचं आहे, कारण चरबी वाढली की ती मोकळी केलेली वाट पुन्हा कोंडते. आजवर साडेनऊपर्यंत आलंय. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या डोळ्यांकडे बघून विरघळतो. नाताळात कोणी तरी चक्क कुंदा भरवला होता. तेव्हा पहिल्या शुक्रवारी आमच्याबरोबर मावशींकडे येणार असाल, तर खिशात बिस्किटं आणू नका.